नगरपालिकेची खतावणी कोणाच्या हाती?

संसदेच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात केंद्र आणि राज्ये यांच्यातील महसूलवाटपावरून वादंग झाला नाही, असे सहसा होत नाही. कोणत्या राज्याचा वाटा घटला, कोणाचा वाढला, अधिभारातील हिस्सा राज्यांना का मिळत नाही, या प्रश्नांवर दोन्ही सभागृहांत तावातावाने भाषणे होतात. राज्यघटनेने निर्माण केलेल्या तिसऱ्या स्तराच्या, म्हणजे महापालिका, नगरपालिका आणि पंचायतींच्या वाट्याला मात्र या चर्चेत एखादे दुसरे वाक्य येते. वास्तविक या स्तराकडे जाणारा पैसा आता किरकोळ राहिलेला नाही. अकराव्या वित्त आयोगाने २००० ते २००५ या पाच वर्षांसाठी स्थानिक संस्थांना दहा हजार कोटी रुपये दिले होते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी स्थानिक शासनासाठी केलेली शिफारस ४ लाख ३६ हजार ३६१ कोटी रुपयांची होती. रुपयाची घसरलेली किंमत गृहीत धरली तरी ही वाढ प्रचंड आहे.

हा पैसा ज्या वहीत नोंदला जातो, ती वही कोणी निवडली, कोणत्या कराराने घेतली आणि तिची किल्ली कोणाकडे आहे, हा प्रश्न त्यामुळे केवळ लेखा विभागाचा राहत नाही. ही वही आता कापडी बांधणीची नाही, ती संगणकात आहे. तिचा करार निविदा काढून होतो, पाच-सात वर्षे चालतो आणि त्या काळात शहराचा प्रत्येक रुपया त्या प्रणालीतून ये-जा करतो. पाणीपुरवठ्याच्या किंवा रस्त्याच्या कंत्राटावरून सभागृह डोक्यावर घेणारे नगरसेवक लेखाप्रणालीच्या कंत्राटाचा प्रस्ताव मात्र तांत्रिक विषय म्हणून मिनिटभरात मंजूर करतात. देशातील नगरप्रशासनाच्या आर्थिक दुर्बलतेचे एक कारण या मिनिटभराच्या मंजुरीत दडलेले आहे.

या विषयाचा इतिहास पाहिला, तर दिल्लीतून प्रयत्न झाले नाहीत, असे म्हणता येणार नाही. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ रोजी अमलात आली. नगरपालिकांचे हिशेब कसे ठेवावेत आणि तपासावेत, हे ठरवण्याचा अधिकार अनुच्छेद २४३-झेड अन्वये राज्यांच्या विधिमंडळांकडे राहिला. साहजिकच प्रत्येक राज्यात जुनीच रोकडवही चालू राहिली. पैसा आला की जमा, गेला की खर्च. पालिकेचे येणे किती, देणे किती, मालमत्ता किती, झीज किती याचा त्या वहीत पत्ता नसे. अकराव्या वित्त आयोगाने प्रथमच या दुखण्यावर बोट ठेवले आणि स्थानिक संस्थांच्या हिशेबांवर नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे तांत्रिक मार्गदर्शन व देखरेख असावी, अशी शिफारस केली. महालेखापरीक्षकांनी कृतिदल नेमले. त्यातून २००४ मध्ये राष्ट्रीय नगरपालिका लेखा नियमपुस्तिका तयार झाली आणि द्विनोंदी, उपार्जनाधारित लेखापद्धतीचा आराखडा देशापुढे आला. तामिळनाडूने तर त्याआधीच, २०००-०१ पासून आपल्या नगरपालिकांमध्ये ही पद्धत आणली होती.

३ डिसेंबर २००५ रोजी सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानात द्विनोंदी लेखापद्धती आणि ई-प्रशासन या दोन्ही सुधारणा शहरांना बंधनकारक करण्यात आल्या. डॉ. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील तेराव्या वित्त आयोगाने एक पाऊल पुढे टाकले. कामगिरीवर आधारित अनुदानासाठी नागरी संस्थांना नऊ अटी घातल्या गेल्या आणि नियमपुस्तिकेशी सुसंगत लेखापद्धती ही त्यांतील एक होती. पंधराव्या वित्त आयोगाने लेखापरीक्षित हिशेब संकेतस्थळावर सर्वांसाठी खुले केल्याशिवाय अनुदानच मिळणार नाही, अशी प्रवेशाची अट ठेवली. पहिल्या दोन वर्षांत राज्यातील किमान पंचवीस टक्के संस्थांनी ती पूर्ण करायची होती. २०२३-२४ पासून जी संस्था हिशेब खुले करील, तिच्याच वाट्याचा पैसा राज्याला मिळेल, असे ठरले.

मुळात या सर्व अटींचा रोख योग्यच होता. तथापि त्यांची तपासणी ज्या पद्धतीने झाली, त्यात एक खोट राहिली. केंद्राने विचारले की लेखापद्धती बदलली का, संगणकीकरण झाले का, हिशेब संकेतस्थळावर चढवले का. पालिकांनी उत्तर दिले की हो, सॉफ्टवेअर घेतले आहे. खरेदीची पावती हेच सुधारणेचे प्रमाणपत्र ठरले. अनेक नगरपालिकांत आजही प्रत्यक्ष व्यवहार रोकडवहीच्या रीतीनेच चालतो. वर्ष संपल्यावर सनदी लेखापालांची एखादी संस्था कंत्राटावर येते, वर्षभराच्या नोंदी गोळा करते, त्यांना द्विनोंदीचे रूप देते आणि ताळेबंद तयार करून जाते. ताळेबंद नियमाप्रमाणे असतो, संकेतस्थळावरही चढतो. पण मुख्याधिकाऱ्याला किंवा लेखापालाला वर्षातील एकही निर्णय त्या ताळेबंदाच्या आधारे घेता आलेला नसतो. परीक्षा संपल्यावर पुस्तक हाती पडावे, तसा हा प्रकार आहे.

भारतीय रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२२ मध्ये महापालिकांच्या अर्थकारणावर जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात हेच निदान संयत भाषेत केलेले आढळते. बहुतेक पालिका अंदाजपत्रक करतात आणि प्रत्यक्ष खर्चाशी त्याची तुलना करतात. पण लेखापरीक्षित वित्तीय विवरणांचा उपयोग ताळेबंदाचे किंवा रोख प्रवाहाचे व्यवस्थापन करण्यासाठी करीत नाहीत, असे बँकेचे म्हणणे. पालिकांचा महसूल आणि खर्च दशकभराहून अधिक काळ सकल देशांतर्गत उत्पादनाच्या एका टक्क्याच्या आसपास थबकलेला आहे, हेही त्याच अहवालात नमूद आहे. या दोन्ही निरीक्षणांचा एकमेकींशी संबंध आहे. कोणाकडून किती घरपट्टी येणे आहे आणि ती किती वर्षांची आहे, हे जिला आपल्या वहीत दिसत नाही, ती पालिका वसुली कशी वाढवणार? कर्जरोखे काढायचे तर गुंतवणूकदार पहिल्यांदा ताळेबंदच मागतो.

या स्थितीचे मूळ शोधायचे तर लेखाप्रणाली निवडण्याच्या रीतीकडे पाहावे लागते. गरज कोणाची, हे कागदावर स्पष्ट असते. मुख्य लेखा व वित्त अधिकारी, वॉर्डातील देयके तपासणारा लिपिक, अंतर्गत लेखापरीक्षक हे तिचे खरे वापरकर्ते. निविदेचा मसुदा मात्र बहुधा संगणक विभाग तयार करतो आणि तोही बाहेरच्या सल्लागाराकडून. सल्लागार दुसऱ्या शहराचा मसुदा उचलतो. त्यात शेकडो वैशिष्ट्यांची यादी असते. प्रत्येक रकान्यात कंपनी ‘होय’ लिहिते. पालिकेत ठेकेदाराचे देयक मोजमाप पुस्तिकेपासून धनादेशापर्यंत कोणत्या टेबलांवरून जाते, अनामत रकमा कशा परत होतात, आगाऊ दिलेल्या रकमांचे समायोजन का रखडते, शासकीय अनुदानाचा पैसा किती बँक खात्यांत विखुरलेला आहे, हे मात्र त्या यादीत कोठेच नसते. प्रणाली बसल्यावर हे सारे उघड होते. मग प्रत्येक फेरबदलासाठी जादा पैसे मागितले जातात आणि मूळ किंमत केवळ प्रवेशशुल्क ठरते.

त्यात भर पडते ती सर्वांत कमी दराच्या आग्रहाची. लेखापरीक्षणातील आक्षेपाच्या धास्तीने अधिकारी सर्वांत स्वस्त निविदा स्वीकारतो. त्याला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. दर्जाच्या निकषावर जास्त दराचा ठेका दिला, तर उद्या चौकशी त्याचीच होते. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २९ ऑक्टोबर २०२१ रोजी खरेदी आणि प्रकल्प व्यवस्थापनाविषयी ज्या सर्वसाधारण सूचना काढल्या, त्यांत ठरावीक परिस्थितीत कामे आणि सल्लागारेतर सेवांसाठीही दर्जा व दर असे दोन्ही निकष लावण्याची मुभा दिली आणि दर्जाच्या गुणांवर तीस टक्क्यांची मर्यादा ठेवली. या सूचना केंद्राच्या यंत्रणेसाठी होत्या. पण पालिकांनाही त्यातून एक दिशा मिळते. दोनशे रुपयांनी स्वस्त असलेली खुर्ची आणि दोन कोटींनी स्वस्त असलेली लेखाप्रणाली यांची खरेदी एकाच तराजूत तोलता येत नाही.

एकदा प्रणाली बसली की पुढचा अध्याय सुरू होतो, तो अवलंबित्वाचा. मुंबई महापालिकेचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. राज्य सरकारच्या विनंतीवरून महालेखापरीक्षकांनी २८ नोव्हेंबर २०१९ ते ३१ ऑक्टोबर २०२२ या काळातील पालिकेच्या १२ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या कामांची तपासणी केली. तिचा अहवाल मार्च २०२३ मध्ये विधिमंडळात मांडला गेला. रस्ते आणि जमीनखरेदी यांवरील आक्षेपांची चर्चा झाली; माहिती तंत्रज्ञान विभागाविषयीचा परिच्छेद त्या गदारोळात मागे पडला. पालिकेच्या संगणकप्रणालीच्या देखभालीचे १५९.९५ कोटी रुपयांचे नवे कंत्राट निविदा न मागवता जुन्याच कंत्राटदाराला देण्यात आले, असे त्यात नमूद होते. ज्या प्रणालीतून पालिकेच्या निविदा हाताळल्या जात, त्या प्रक्रियेत गैरफेरफार झाल्याचे २०१९ च्या न्यायवैद्यक लेखापरीक्षणात आढळूनही उपाययोजना झाली नाही, असा ठपकाही होता.

हा प्रसंग एका पालिकेच्या गैरव्यवस्थापनापुरता मर्यादित मानणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही. देशातील सर्वांत श्रीमंत महापालिकेलाही जुना कंत्राटदार बदलणे जड जात असेल, तर विदर्भातल्या किंवा बुंदेलखंडातल्या नगरपालिकेची काय कथा? पंधरा वर्षांच्या नोंदी एका विशिष्ट रचनेत साठवलेल्या असतात. त्या बाहेर कशा काढायच्या हे एकाच कंपनीच्या अभियंत्यांना ठाऊक असते. मूळ करारात बाहेर पडण्याच्या अटी नसतात. अशा वेळी नवी निविदा काढण्यापेक्षा मुदतवाढ देणे हाच व्यवहार्य मार्ग वाटू लागतो, आणि मुदतवाढीच्या वाटाघाटीत पालिकेच्या हाती काहीच उरत नाही.

हा रोग केवळ भारतीय प्रशासनाचा आहे, असा समज करून घेण्याचेही कारण नाही. ब्रिटनमधील बर्मिंगहॅम नगर परिषद ही युरोपातील सर्वांत मोठ्या स्थानिक संस्थांपैकी एक. १९९९ पासून वापरात असलेली जुनी प्रणाली काढून तिने एप्रिल २०२२ मध्ये ओरॅकल कंपनीची नवी प्रणाली सुरू केली. आरंभीचा अंदाज सुमारे दोन कोटी पौंडांचा होता. प्रत्यक्षात आकडा दहा कोटी पौंडांच्या पुढे गेला. नव्या प्रणालीच्या रीतीप्रमाणे स्वतःचे कामकाज बदलण्याऐवजी परिषदेने जुन्या सवयींसाठी प्रणालीतच फेरबदल करून घेतले. बँक खात्यांशी ताळमेळ घालणारा भाग कोलमडला, नोंदी हाताने दुरुस्त करण्यासाठी माणसे लावावी लागली आणि लेखापरीक्षणास योग्य असे हिशेब देणेच परिषदेला अशक्य झाले. ५ सप्टेंबर २०२३ रोजी तिने नवा अनावश्यक खर्च थांबवण्याची वैधानिक नोटीस काढली. त्या संकटाचे मुख्य कारण समान वेतनाच्या थकीत दाव्यांचे होते, हे मान्य केलेच पाहिजे. पण देणे नेमके किती आणि तिजोरीत उरले किती, याचे विश्वासार्ह उत्तर देणारी वहीच हाताशी नव्हती, यामुळे ते अधिक गहिरे झाले.

बर्मिंगहॅमपासून घेण्याचा धडा ‘परदेशी प्रणाली नको’ असा उथळ नाही. प्रणाली जगभर चालणारी होती, परिषदेकडे पैसाही होता. कमतरता होती ती खरेदीदाराच्या क्षमतेची. आपल्याला काय हवे, कोणती जुनी रीत सोडायची, तयारी नसताना तारीख पुढे ढकलण्याचे धैर्य कोण दाखवणार, याची उत्तरे विक्रेता देऊ शकत नाही. तसे करणे हे त्याचे कामही नव्हे.

भारतात ही क्षमता कोठून येणार, हा कळीचा प्रश्न आहे. महालेखापरीक्षकांनी १८ राज्यांतील ३९३ नागरी संस्थांच्या लेखापरीक्षणाचा जो एकत्रित आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात मंजूर पदांपैकी सरासरी ३७ टक्के पदे रिक्त असल्याचे दिसले. ज्या नगरपालिकेत पूर्णवेळ लेखापाल नाही, तिने निविदेतील तांत्रिक अटींची छाननी करावी, ही अपेक्षाच अवास्तव आहे.

यावर दिल्लीत आणि राज्यांच्या राजधान्यांत एक उत्तर तयार असते. निवडीचा त्रास पालिकांना कशाला, वरूनच एक प्रणाली द्यावी. पंचायतींच्या बाबतीत तसे झालेही आहे. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज या प्रणालीवर देशभरातील अडीच लाखांहून अधिक ग्रामपंचायतींचे नियोजन, जमाखर्च आणि देयके आणण्यात आली. ती केंद्राच्या सार्वजनिक वित्तीय व्यवस्थापन प्रणालीशी जोडली गेली. सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या डिजिटल स्वाक्षरीने पैसा थेट जातो. याचे लाभ नाकारण्यात अर्थ नाही. गावपातळीवरचा हिशेब प्रथमच दिल्लीतून आणि गावातूनही दिसू लागला. पण गावाच्या गरजेप्रमाणे त्यात बदल करण्याचा मार्ग गावाकडे नाही. अनुदान देणाऱ्याला जे पाहायचे असते, त्याभोवती ही वही रचलेली आहे. पाणीपट्टीची थकबाकी किंवा गावाच्या स्वतःच्या उत्पन्नाचे चित्र सरपंचाला पाहायचे असेल, तर ती त्याच्यासाठी रचलेली नाही. थोडक्यात, गावांना निवडीचा अधिकार नाही आणि शहरांना अधिकार आहे, पण तो वापरण्याचे बळ नाही.

या दोन टोकांच्या मध्ये एक वाट केरळने दाखवली आहे. १९९९ मध्ये त्या राज्याने इन्फर्मेशन केरला मिशन ही सरकारी संस्था स्थापन केली. स्थानिक संस्थांसाठी ‘सांख्य’ ही द्विनोंदी लेखाप्रणाली तिने स्वतः तयार केली. पुढे १ जानेवारी २०२४ पासून राज्यातील नागरी संस्थांमध्ये ‘के-स्मार्ट’ ही नवी एकत्रित व्यवस्था आणली गेली. या वाटेवर अडचणी नाहीत असे नाही. पण प्रणालीचे ज्ञान सरकारी संस्थेत राहिले, ही त्यातील महत्त्वाची गोष्ट. कंत्राटदार बदलला, तरी वही घरातच राहते. महाराष्ट्रातही कल्याण-डोंबिवली महापालिकेने या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत नागरी सेवांच्या संगणकीकरणात आघाडी घेतली होती आणि तो नमुना अन्य पालिकांसाठी घेण्याचा निर्णय राज्याने केला होता. पाठोपाठ राज्यपातळीवर केरळसारखी स्थायी, सार्वजनिक तांत्रिक संस्था मात्र पालिकांच्या पाठीशी तितक्या ताकदीने उभी राहिली नाही. नमुना उचलला गेला, त्यामागची बांधिलकी उचलली गेली नाही.

केंद्रानेही यासंबंधी काही पायाभूत काम केले आहे. सरकारी वापरासाठी मुक्त स्रोत प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण २०१५ मध्ये जाहीर झाले. २३ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय नागरी डिजिटल अभियान सुरू झाले आणि त्यातून राज्यांना वापरता येईल असा सामाईक मंच देण्याचा प्रयत्न झाला. परंतु मंच दिला म्हणून करार आपोआप सुधारत नाही. मुक्त स्रोत प्रणाली बसवणाराही शेवटी कंत्राटदारच असतो, आणि करार दुबळा असेल तर मोफत प्रणालीतही पालिका तितकीच अडकते.

म्हणून चर्चेचा केंद्रबिंदू प्रणालीच्या नावावरून कराराच्या मजकुराकडे वळवणे आवश्यक आहे. या मजकुरात काय असावे, यासाठी फार मोठ्या संशोधनाची गरज नाही. पहिली गोष्ट मोबदल्याची. आज संगणक बसवले, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले, प्रणाली सुरू झाली, अशा टप्प्यांवर रक्कम दिली जाते. त्याऐवजी मोबदल्याचा मोठा हिस्सा हिशेबाच्या फलिताशी जोडला पाहिजे. दर महिन्याचा बँक ताळमेळ पुढील महिन्याच्या ठरावीक तारखेपर्यंत पूर्ण झाला का, वर्षाचा ताळेबंद थेट प्रणालीतून, बाहेरच्या हातमदतीशिवाय निघाला का, हे टप्पे असावेत. दुसरी गोष्ट जुन्या नोंदींची. मालमत्तेची यादी आणि प्रारंभिक ताळेबंद यांची जबाबदारी कोणाची, हे करारात स्पष्ट नसले, तर नवी प्रणाली पहिल्याच दिवशी चुकीच्या आकड्यांवर उभी राहते. तिसरी गोष्ट समांतर चाचणीची. किमान एक संपूर्ण वर्षअखेर जुन्या आणि नव्या पद्धतीने एकाच वेळी पार पडल्याशिवाय जुनी पद्धत बंद होऊ नये.

चौथी गोष्ट मालकीची. नोंदी पालिकेच्या, त्या कोणत्याही दुसऱ्या प्रणालीत वाचता येतील अशा स्वरूपात ठरावीक काळाने पालिकेच्या ताब्यात दिल्या जातील, आणि करार संपताना हस्तांतरासाठी कंत्राटदार किती महिने, किती मोबदल्यात बांधील राहील, हे स्वाक्षरीच्या दिवशीच ठरले पाहिजे. कंत्राट संपत आल्यावर हा विषय काढणे म्हणजे घर बांधून झाल्यावर दाराची जागा शोधणे होय. पाचवी गोष्ट अधिकाराची. निविदेच्या मसुद्यावर आणि अंतिम स्वीकृतीवर मुख्य लेखाधिकाऱ्याची स्वाक्षरी अनिवार्य असावी. ज्याला वर्षअखेरीस हिशेबाखाली सही करायची आहे, त्याने प्रणाली स्वीकारली नसेल, तर ती स्वीकारली गेलीच नाही, असे मानले जावे.

लहान नगरपालिकांना एवढा करार स्वतंत्रपणे करणे जमणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. पंधराव्या वित्त आयोगाने नगरपालिकांच्या सामाईक सेवाकेंद्रांसाठी ४५० कोटी रुपये स्वतंत्रपणे सुचवले, ते याच जाणिवेतून. एका विभागातील पंधरा-वीस पालिकांनी मिळून लेखापालांचा आणि तंत्रज्ञांचा एक समाईक चमू ठेवावा, करार एकत्र करावा, पण प्रत्येकीची वही तिच्याच मालकीची राहावी, ही रचना अशक्य नाही. राज्याने चौकट, लेखाशीर्षे आणि नमुना करार द्यावा. निवड आणि स्वीकृती पालिकांकडे ठेवावी. एकसारखी लेखाशीर्षे असणे आणि एकच विक्रेता असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंत्रालयातील चर्चांमध्ये त्यांची वारंवार गल्लत होते.

या साऱ्यात लोकप्रतिनिधींची भूमिका काय, हा शेवटचा आणि अधिक राजकीय प्रश्न. संसदेने २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये दिल्लीच्या तीन महापालिकांचे एकत्रीकरण करणारे विधेयक मंजूर केले. विभाजनातून उत्पन्न आणि जबाबदाऱ्या यांची विषम वाटणी झाली, हे त्यामागचे सरकारचे प्रमुख कारण होते. म्हणजे मूळ प्रश्न हिशेबाचा होता. मे २०२२ मध्ये एकत्रीकरण झाले, डिसेंबरमध्ये निवडणूक झाली. पण पाच कोटींवरील करारांना मंजुरी देणारी स्थायी समिती राजकीय आणि न्यायालयीन वादात अडकून २०२५ च्या जूनपर्यंत कार्यरत होऊ शकली नाही. बेंगळुरूत सप्टेंबर २०२० मध्ये निर्वाचित सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षे कारभार प्रशासकांकडे राहिला. मुंबई, पुण्यासह महाराष्ट्रातील अनेक महापालिकांतही २०२२ पासून जानेवारी २०२६ मधील निवडणुकांपर्यंत हीच स्थिती होती. या काळात झालेल्या दीर्घ मुदतीच्या करारांना निर्वाचित सभागृहाची छाननी लाभलेली नाही.

अर्थात सभागृह असले म्हणजे छाननी होतेच, असाही दावा कोणी करू नये. मुंबईच्या अहवालातील बराचसा काळ निर्वाचित सभागृहाचाच होता, आणि बर्मिंगहॅममध्येही नगरसेवक होतेच. अडचणीच्या बातम्या त्यांच्यापर्यंत वेळेवर आणि स्पष्टपणे पोचल्या नाहीत. स्थायी समितीच्या सदस्याने शंभर पानी तांत्रिक निविदा वाचावी, अशी अपेक्षाही नाही. त्याने तीनच प्रश्न विचारले तरी पुरेसे आहे. गेल्या महिन्याचा बँक ताळमेळ झाला आहे का? हा कंत्राटदार उद्या गेला, तर आपल्या नोंदी कोणाकडे राहतील? आणि या प्रस्तावावर आपल्या लेखाधिकाऱ्याचे लेखी मत काय आहे? महाराष्ट्रात नव्याने निवडून आलेल्या सभागृहांनी प्रशासकांच्या काळात झालेल्या संगणकीय करारांपुरते जरी हे प्रश्न पटलावर आणले, तरी पुष्कळ गोष्टी बाहेर येतील.

केंद्राच्या हाती मात्र याहून मोठे साधन आहे, ते म्हणजे अनुदानाच्या अटी. गेल्या पंचवीस वर्षांत या अटींनी पालिकांना संगणक घ्यायला लावले, ताळेबंद छापायला लावले, तो संकेतस्थळावर चढवायलाही लावले. आता तपासणीचा प्रश्न बदलायला हवा. लेखापरीक्षित हिशेब खुले आहेत का, एवढे विचारून न थांबता ते हिशेब पालिकेच्या स्वतःच्या प्रणालीतून, स्वतःच्या कर्मचाऱ्यांनी आणि वेळेत काढले आहेत का, हे महालेखापरीक्षकांच्या यंत्रणेमार्फत नमुना पद्धतीने पडताळले जावे. लेखाप्रणालीचा करार, त्यातील मालकीची आणि बाहेर पडण्याची कलमे यांसह, ताळेबंदाशेजारीच प्रसिद्ध करण्याची अट घालावी. यासाठी नवी योजना नको, वेगळा निधीही नको. संबंधित मंत्रालयाने मार्गदर्शक सूचनांत दोन परिच्छेदांची भर घातली तरी भागेल. राज्ये त्याला विरोध करतील, कंत्राटदारही करतील. शहरात कर भरणाऱ्या नागरिकाला मात्र आपल्या पैशाची वही कोणाच्या कुलपात आहे, हे त्यातून प्रथमच कळेल.